मूठभर वाळूची मुलाखत

अप्पा,

आज सकाळी दहाला एक माणूस मुलाखतीला येणार होता. आता सव्वाअकरा वाजून गेलेत. काल फोनवर त्याने दोनदा 'येस मॅडम, शुअर मॅडम' केलं, आज त्याचा फोन बंद आहे. त्याचा चार पानी बायोडाटा माझ्यासमोर पडलाय, एका बाजूने छापलेला. मागची कोरी बाजू वाया कशाला घालवायची म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. पुढच्या बाजूला हा गृहस्थ स्वतःविषयी लिहितो की आव्हानं स्वीकारणं हा त्याचा छंद आहे. शिरोली नाक्यापर्यंत येण्याचं आव्हान त्याला झेपलेलं दिसत नाही.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा फार बोलले नाही, आणि आज बोलतेय ते आठवण दाटून आली म्हणून नाही. माणसं मिळत नाहीत, आणि माणसं कशी निवडावीत हे जगात फक्त तुम्हालाच कळतं असं तुम्ही जन्मभर सांगत फिरलात, म्हणून बोलतेय. गेल्या आठवड्यात मला तुमच्याविषयी एक गोष्ट कळली. ती कळल्यापासून मला तुमचा असा राग आलाय की कारखान्यात लावलेल्या तुमच्या फोटोला रोजचा हार घालायचं मी बंद केलं. वॉचमनने विचारलं, मी म्हटलं फुलं महाग झालीत.

तुमची ती मुलाखत आठवते का? न आठवायला काय झालं, तुम्ही ती आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचात. सुट्टीच्या दिवशी फौंड्रीची भट्टी थंड असताना तुम्ही शेडच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून बसायचात. काम मागायला माणूस आला की त्याचं गाव विचारायचं नाही, शिक्षण विचारायचं नाही, लोखंड ओतायच्या साच्यांसाठी तयार केलेल्या वाळूच्या ढिगाकडं बोट दाखवायचं. "घे मूठ." तो वाळू मुठीत घेऊन दाबायचा. "मोड." तो मूठ उघडून तो गोळा अंगठ्याने मधोमध मोडायचा. मग तुम्ही मुद्दाम दुसरीकडं बघायचात, चहाचा कप उचलायचात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचात की हातातल्या वाळूचं तो काय करतो. परत ढिगात ठेवली तर माणूस पास. खाली झटकली तर नापास. "जो आज वाळू झटकतो, तो उद्या माझा धंदा झटकंल," असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारायचात, आणि पाहुणे माना डोलवायचे. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमत नाही ते आमच्या अप्पांना एका मुठीत जमतं, असं मलाही वाटायचं. मी तेव्हा शाळेत होते, माझं चुकलं.

कारण खरं बघायला गेलं तर तुमच्या पास झालेल्या माणसांपैकी एक भट्टीवर दारू पिऊन झोपला, एक साच्यांचे लाकडी पॅटर्न चोरून शेजाऱ्याला देऊन आला, आणि एकाने तर तुमचीच स्कूटर नेली ती कायमची. यांच्या कथा तुम्ही पाहुण्यांना सांगितल्या नाहीत. सांगायचात ती फक्त वाळूच्या मिस्त्रीची. कोडोलीहून आलेला, अंगावर धड कपडा नाही, पण मूठ मोडून झाल्यावर त्याने ती वाळू ढिगात अशी ठेवली म्हणे, जसं झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं. हे वाक्य सांगताना तुमचा आवाज जड व्हायचा. आई स्वयंपाकघरातून ते ऐकून तोंड वेडंवाकडं करायची, ते मी पाहिलंय. तिने ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली होती.

मीही ती मूठ घेतली होती, अप्पा. मेटलर्जीचा डिप्लोमा हातात घेऊन आले त्या महिन्यात. सुट्टीचाच दिवस होता, तुम्ही खुर्चीत होतात, मी न विचारता ढिगाजवळ गेले, मूठ दाबली, मोडली, आणि वाळू परत ढिगात ठेवली. तुम्ही बघत होतात. मी वाट बघत उभी राहिले, आणि तुम्ही म्हणालात, "हात धू आणि घरी जा. चारला पाव्हणं यायचं हायत तुला बघायला." बस्स, एवढंच. ते पाहुणे आले, पोहे खाऊन पसंती देऊन गेले, आणि पाच वर्षांनी मी त्या घरातून एक बॅग घेऊन परत आले. तेव्हाही तुम्ही मला भट्टीजवळ जाऊ दिलं नाही. ऑफिसात बसवलं, फोन घ्यायला. सहा वर्षं मी तुमचे फोन घेतले. मग एका दुपारी तुम्ही खुर्चीतच गेलात, आणि दुसरं कोणी नव्हतं म्हणून कारखाना माझ्याकडं आला. निवडलेली नाही, उरलेली म्हणून मी मालकीण झाले. त्याचं मला आता काही वाटत नाही, पण ते खरं आहे ते लिहून ठेवते.

आता इकडची हालहवाल सांगते. मंदी संपली म्हणतात. कोण म्हणतं ते मला अजून कळलेलं नाही, कारण ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगतो. पुण्याचं गिऱ्हाईक सोमवारी दुप्पट मालाची मागणी पाठवतं, गुरुवारी निम्मी करतं आणि शनिवारी फोन करून विचारतं की तुमच्याकडं माणसं पुरेशी आहेत ना, कारण आता तेजी येणार. तेजीच्या नावाने आमच्या संघटनेने मेळावा घेतला. स्टेजवरून पाहुण्याने सांगितलं की कुशल मनुष्यबळ हीच खरी संपत्ती. मग सगळ्या मालकांनी हात वर करून शपथ घेतली की एकमेकांची माणसं फोडायची नाहीत. मीही हात वर केला. त्यानंतर जेवणाच्या रांगेत, ताट हातात असतानाच, माझ्या पुढच्याने त्याच्या पुढच्याचा साचे करणारा मोल्डर फोडला, आणि गाड्या लावल्या होत्या तिथं माझ्या मागच्याने माझा फिटर. मी काही कमी नाही, मी त्याच संध्याकाळी तिसऱ्याचा इलेक्ट्रिशियन आणला. सगळी मिळून तीच पन्नास माणसं आहेत, ती या गेटमधून त्या गेटमध्ये फिरतात, आणि दर फेरीला आम्ही त्यांना नवीन पदाचं नाव देतो.

मी पुण्याची एक भरती करणारी बाईही लावली. ती स्क्रीनवर रंगीत चौकोन दाखवत दीड तास बोलली. आपल्याला माणूस शोधायचा नाही, म्हणाली, माणसाला आपण सापडलो पाहिजे. असं बोलून तिने पाठवलेले उमेदवार बघायला तुम्ही हवे होतात. एकाने मुलाखत घरून दिली, गॅलरीत बसून, मागे वाळत घातलेले कपडे. एकाने मलाच विचारलं की पाच वर्षांनी तुमची कंपनी कुठे असेल. मी म्हटलं इथंच, शिरोलीत, कुठं जाणार. तिसरा आला तो मात्र खरंच आला. वाळू तपासायची यंत्रं घ्यायला लावली, दर तासाला ओलावा, दर तासाला मजबुती, भिंतीवर तक्ते. आकडे सगळे सुरेख. आणि पंपाची ओतलेली कास्टिंग फोडून बघावी तर पोटात हवेचे फुगेच फुगे. शंभर ओतावीत आणि निम्मी परत वितळवावीत. त्याला विचारलं तर म्हणाला आकडे तर बरोबर आहेत मॅडम. पाच आठवड्यांनी तो दोन गेट सोडून पलीकडच्या कारखान्यात गेला, तिथं त्याला मॅनेजर म्हणतात. त्यांच्या कास्टिंगमध्ये फुगे येवोत, एवढंच माझं मागणं आहे.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. निम्म्याहून जास्त काम पुण्याच्या त्या एका गिऱ्हाइकाचं आहे. त्यांचा क्वालिटीचा माणूस, ज्याला वाळू आणि मीठ यातला फरक चव घेतल्याशिवाय कळायचा नाही, तो येऊन सांगून गेला की महिनाअखेरची लॉट साफ निघाली नाही तर ते आपले पॅटर्न उचलून नेणार. पॅटर्न गेले की भट्टी आठवड्यातून दोन दिवस लागेल, आणि आवारातल्या चाळीस माणसांपैकी अर्ध्यांना घरी पाठवावं लागेल. गेल्या मंदीत अकरा पाठवले होते. त्यात पहिला गेला तो तुमचा मिस्त्री, तोच, पाळण्यातल्या लेकराचा. एकतीस वर्षं त्याने वाळू सांभाळली होती. मंदीत खर्च कमी करायचा म्हणून मी नवीन वाळू आणि तिला धरून ठेवणारी नवीन माती घालणं थांबवलं, तीच जुनी वाळू फिरवत राहिले. तो रोज ऑफिसच्या दारात येऊन सांगायचा, ताई, नवी घाला. रोज. मला त्याचं तोंड नकोसं झालं होतं. नावांची यादी करायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव लिहायला मला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

तर मागच्या गुरुवारी मी कोडोलीला गेले. प्लास्टिकच्या पिशवीत आपली वाळू घेऊन. डॉक्टरकडं नमुना घेऊन जावं तशी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते, याची लाज मला पन्हाळ्याचा फाटा आल्यावर वाटायला लागली. मिस्त्री गोठ्यात होता, दोन म्हशी, एकीची धार चालू. मला बघितलं, मान हलवली आणि धार काढत राहिला. मालकीण आली म्हणून उठणं नाही की बसा म्हणणं नाही. त्याच्या बायकोनेच खुर्ची दिली. दोन्ही म्हशींची धार झाली, दूध डेअरीला गेलं, हातपाय धुवून झाले, मग तो समोर येऊन उकिडवा बसला.

"काय म्हणतीया फौंड्री?"

"चाललीय की, मिस्त्री. तुम्हाला बोलवायला आलेय."

"बोलवायला." तो म्हशीकडं बघून म्हणाला. "तुमचा निरोप आलता ताई, फोनवर. सुनेनं वाचून दावला. पुढील सूचना मिळेपर्यंत कामावर येऊ नये. लई शुद्ध म्हराटी हुती. ती पुढली सूचना काय अजून आली न्हाई बगा. म्हटलं, आज घिऊन आलासा का काय."

मी पिशवी पुढं केली. त्याने हात घातला, मूठ दाबली, उघडली, अंगठ्याने मोडली. नाकाजवळ नेली. बोटांत चोळली. सगळं मिळून पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ.

"मेलीया ही."

"यंत्रावर आकडे बरोबर येतात."

"यंत्राला जेवढं इचारलं तेवढंच सांगणार की ते. माती जळून राख झालीया हिच्यात. राख नुसतं पाणी पितीया, धरत काय न्हाई. मग लोखंड वतलं की त्या पाण्याची वाफ जाणार कुठं? कास्टिंगच्या पोटात. नवी वाळू घालायची बंद कुणी केली?"

"मी."

"व्हय. मी सांगितलतं."

"सांगितलं होतं."

एवढं बोलून त्याने हातातली वाळू खाली झटकली. अंगणात, तिथंच, आणि वर हात धोतराला पुसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, वाळू झटकलीत? अप्पांनी तर तुम्हाला वाळू ढिगात ठेवली म्हणून घेतलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"तेच सांगायचे. सगळ्यांना. लेकरू पाळण्यात ठेवावं तशी ठेवली म्हणून."

मिस्त्री हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. बायको चहा घेऊन आली, तिलाही सांगितलं, तीही हसली. "आवो, मी झटकलती की! पावण्याची नवी पॅन्ट घालून आलतो, म्हटलं डाग पडंल. चांगला धाबारा येळा हात झटकला. अप्पांनी बगितलं आणि म्हणाले, उद्यापासनं ये."

"मग घेतलं कशाला?"

"तेजी हुती की, ताई. उद्यमनगरात न्हाई, शिरोलीत न्हाई, कुठंच माणूस मिळत नव्हता. आणि त्या दिशी मी एकटाच आलतो."

मी चहा घेतला. गोड होता, मला कडू लागला. तो पुढं बोलत राहिला, म्हणजे बहुतेक पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून. "पर अप्पांनी शिकिवलं मातर. आट म्हैनं बाजूला हुबं ऱ्हायलं. रोज. मूठ कर, मोड, परत टाक. चुकलं की शिवी, बरोबर आलं तरी शिवी. एक दिस नागा न्हाई. परत ढिगात ठिवायचं त्यांनी शिकिवलं, मला कुठलं ठावं?"

म्हणजे हे असं होतं तर. ती खुर्ची, तो चहाचा कप, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, सगळी नाटकं. माणूस ओळखायची विद्या तुम्हाला त्या पुण्याच्या बाईइतकीच येत होती, फरक एवढाच की तिच्याकडं रंगीत चौकोन आहेत आणि तुमच्याकडं ढीग होता. गरज लागली की मिळेल तो घेत होतात. आमच्यासारखेच. येत होतं ते एकच, शिकणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं, आणि नेमकं तेच तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतंत तर मी एकोणीस वर्षं मुठीच्या गोष्टी सांगत बसले नसते. मी त्या पुण्याच्या बाईलासुद्धा तुमची मूठ सांगितली हो, अप्पा. तिने ती लिहून घेतली.

मिस्त्री यायला तयार आहे, पण कायमच्या कामाला नाही. धार काढून दहाला येणार, चारला म्हशींकडं परत. पहिल्या आठवड्यात निम्मी वाळू फेकून नवी भरायची, ते तो करून घेईल, महिनाअखेरची लॉट निघेल म्हणाला. पण अट घातली. "आट म्हैनं न हालणारा एक माणूस द्या. त्याच्या हातात सगळं काम देऊन जातो. न्हाईतर मी गेल्यावर परत पिशवी घिऊन कुणाच्या तरी दारात बसशीला." त्यासाठीच हे तीन दिवस मुलाखती चालल्यात. परवा आलेल्याने आठ महिने ऐकून विचारलं, सर्टिफिकेट मिळणार का? कालच्याला हाताने वाळू हाताळायची हे पटलंच नाही, त्याला वाटलं होतं लॅपटॉप असेल. आणि आजचा आव्हानवीर तर अजून यायचाच आहे.

साडेअकराला मी मिस्त्रीला फोन केला. म्हटलं, माणूस मिळत नाही.

"मग?"

"मी उभी राहिले तर चालेल का?"

तिकडं म्हैस हंबरली, तिला त्याने हाकारलं. मग म्हणाला, "ताई, शिव्या द्यीन हां. मला शिव्यांबिगर शिकवायला यीत न्हाई."

"द्या."

"उद्या धाला येतो."

तर उद्यापासून आठ महिने मालकीण वाळूच्या ढिगाशी उभी राहणार. पन्नाशी उलटताना. ऑफिसात आत्ताच कुजबुज सुरू झालीय, होऊ दे. संघटनेचे लोक हसतील, ते तसेही कामाच्या वेळेत हसतच असतात. ही चार पानं मी 'मुलाखतीला न आलेले' या फाइलला लावणार आहे. ती फाइल इथं सगळ्यात जाड आहे, आणि माझ्या बाजूला येऊन उभं राहायला हवं होतं तेव्हा न आलेल्यांत तुम्हीही बसताच.

एक राहिलं. मघाशी मी लिहिलं की त्या दिवशी मी वाळू परत ढिगात ठेवली. तसंच मी सगळ्यांना सांगत आलेय, नवऱ्याला सांगितलं, त्या पुण्याच्या बाईला सांगितलं, सांगून सांगून मलाही ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं. ठेवली नव्हती, अप्पा. नवा ड्रेस होता, मी झटकली होती, आणि हात ओढणीला पुसला होता. तुम्ही बघितलंत. आत कुठंतरी ते ठाऊक होतं, म्हणूनच इतकी वर्षं मी मनातून तुम्हाला माफ करत आले, की नियम म्हणजे नियम, मी नापासच झाले होते. पण मिस्त्रीनेही झटकली होती. त्याला तुम्ही उद्यापासून ये म्हणालात.